दोरीवर तेरा जर्सी

कालटेनाउ, बुधवार

प्रिय लेन्झी,

एवढं जाड पाकीट बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. मी तर नाहीच. गुडघे सोडले तर बाकीचं सगळं जागच्या जागी आहे आणि जिभेचं तुला माहीतच आहे. फोन का केला नाहीस म्हणशील, तर सामन्याच्या आठवड्यात तू फोन बंद ठेवतोस हे आता पेपरात छापून आलंय. आणि चालू असतो तेव्हा तरी काय, "हं", "बरं", "आजी, मला जायचंय". कागदाला कुठे जायचं नसतं. सोमवारपासून लिहितेय. सहा यत्ता शिकलेय, त्यातलं अर्धं शिक्षण गाईंच्या मागे झालं, तेव्हा अक्षर लागलं नाही तर चष्मा लाव. तुलाही आता लागतो, टीव्हीवर पाहिलं मी. चांगला दिसत नाहीस त्यात.

शनिवारी तू तुझा संघ घेऊन इथे येणार, हंगामाचा शेवटचा सामना, आणि कालटेनाउमध्ये दुसरा विषयच उरलेला नाही. बरोबरी झाली तरी आम्ही दुसऱ्या विभागात टिकतो. हरलो तर खाली जातो, आणि खाली गेलो तर आपला क्लब हिंटरबाखच्या क्लबात विलीन करायचा असं ठरून बसलंय. हिंटरबाखच्या! ज्यांच्या पोरांना तुझे आजोबा "पाण्यात राहिलेले पिठाचे गोळे" म्हणायचे. नाव जाईल, पांढरी जर्सी जाईल, मैदानावर घरं बांधतील. तुझ्या दोनाउब्रुकचं काय, तुम्ही चौथे. जिंकून काही मिळायचं नाही आणि हरून काही जायचं नाही. हे मला फुटबॉलमधलं ओ का ठो न कळणारी माणसंसुद्धा समजावून सांगतात. बेकरीवाली मला रांगेतून पुढे काढते. दवाखान्यात लोक उठून जागा देतात. चाळीस वर्षं जिने मला "धुणंवाली बुर्गी" म्हटलं ती पोस्टमास्तरीण परवा म्हणाली, "आपल्या लोरेन्झच्या आजी ना तुम्ही!" मी विचारलं, "आपल्या म्हणजे कोणाच्या गं? तुझ्या खिडकीची काच फोडली तेव्हा तो फक्त माझा होता."

तुला कितपत आठवतं कोण जाणे. तू पाच वर्षांचा असताना तुझी आई तुला माझ्या दारात सोडून ग्राट्सला शिवणाच्या कारखान्यात गेली. मी तेव्हा क्लबाचे कपडे धुवायची. तुला सांभाळायला वेगळा वेळ कुठून आणू, म्हणून धुण्याच्या खोलीत पालथ्या टोपलीवर बसवून ठेवायची. सोमवारी सकाळी तांब्याच्या हंड्याखाली विस्तव घालायचा आणि गाठोडी सोडायची. परीच्या गोष्टी मला येत नव्हत्या, मग मी तुला कपडे वाचून दाखवायची. हा बघ, मांडीच्या बाहेरच्या अंगाला मातीचा लांब पट्टा, म्हणजे हा घसरत जाऊन चेंडू काढतो, ह्याला साबण कितीही लागू दे. ह्याच्या कोपरांना आणि छातीला गवताचा हिरवा डाग, पण चड्डी स्वच्छ; हा पंचाकडे बघत बघत पडतो. आणि ह्याच्या चड्डीवर गुडघ्यांच्या वर दोन पंजे उमटलेत, हा मध्यंतरानंतर वाकून धापा टाकतो, बियर कमी कर म्हणावं. गवताचा डाग बैलाच्या पित्ताच्या साबणाशिवाय निघत नाही आणि त्या वासाने तू नाक मुरडायचास, पण टोपलीवरून उठायचा नाहीस. आपला गोलरक्षक फक्त उजवीकडे उडी मारतो हे ट्रेनरच्या आधी तुला कळलं होतं. सात वर्षांचा होतास, जाऊन त्याला तोंडावर सांगितलंस. त्याने तुला चापट मारली. पुढचे तीन आठवडे मी त्याच्या जर्सीच्या गळ्याला दुप्पट खळ घातली. मान सोलून निघाली मेल्याची.

सतराव्या वर्षी तू पहिल्या संघात आलास, नऊ नंबर. पहिल्या सामन्यानंतर तुझी जर्सी गाठोड्यातून काढली तर पांढरा भाग शोधावा लागला. तुझे आजोबा तेवढ्यात पोलादाच्या कारखान्यातून आले, त्यांच्यापुढे धरली. आमचे व्हिन्झेन्झ म्हणजे कौतुकाचा कायमचा दुष्काळ. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "एवढ्या मातीत बटाटे लागतील." मग जेवताना स्वतःच्या ताटातला मांसाचा तुकडा उचलून तुझ्या ताटात टाकला. तू बोलण्याच्या नादात होतास, तुला दिसलं नाही. मला दिसलं.

आता त्या जूनबद्दल. चोवीस वर्षं आपण दोघंही त्याला वळसा घालून बोलतोय, आता पुरे. शेवटचा सामना होता, वरच्या खोऱ्यातल्या वाल्डस्टाइनशी. बरोबरी झाली तर आम्हीही वाचणार, तेही वाचणार, आणि एर्लाख खाली जाणार. एर्लाख म्हणजे एक चर्च, एक लोहारखाना आणि दोन रस्ते. त्याच्या दोनच वर्षं आधी स्पेनमध्ये आपल्या देशाच्या संघाने आणि जर्मनांनी एक गोल झाल्यावर चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवत वेळ काढला होता, दोघंही पुढे जावेत म्हणून. तेव्हा अख्खं कालटेनाउ खानावळीत बसून टीव्हीला शिव्या देत होतं. एंगेलबर्टने तर पेला भिंतीवर फेकला होता. आणि तोच एंगेलबर्ट, तेव्हाचा आपला कप्तान, त्या शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत म्हणाला, "पोरांनो, आज जरा शांततेत." हे मला तू सांगितलं नाहीस. टॉवेल घेऊन मी दाराबाहेर उभी होते.

पाऊस चालू होता. एकसष्टाव्या मिनिटाला तू गोलरक्षकासमोर एकटा होतास. तू चेंडू पायाखाली थांबवलास, एकदा एंगेलबर्टकडे बघितलंस आणि मागे पास दिलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! शून्य-शून्य. गाठोडी आली ती पावसाने ओलीचिंब, पण मातीचा ठिपका नाही. तेरा जर्सी, अकरा जणांच्या आणि बदली उतरलेल्या दोघांच्या. दीड तास चिखलात काढून माणसं अशी बाहेर आली की जणू छत्री धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी कपडे वाळत घालणं म्हणजे आपल्याकडे काय ते तुला सांगायला नको, माझ्या आईने लढाईच्या दिवसांतही घातले नाहीत. मी सकाळी उठून चर्चच्या रस्त्याकडच्या अंगणात दोरी बांधली आणि मिस्सेच्या प्रार्थनेआधी जर्सी टांगल्या, नंबर रस्त्याकडे करून. माणसं यायला लागली तशी थांबायला लागली. फादर स्वतः कुंपणापाशी आले. म्हणाले, "बुर्गी, रविवारी धुणं?" मी म्हटलं, "धुणं कुठलं, फादर? मळल्याच नव्हत्या. नुसत्या वाळवतेय." त्यांना कळलं. सगळ्यांनाच कळलं. कोणी हसलं नाही. एंगेलबर्टची आई त्या दिवसापासून मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. त्याचं मला काही नाही, आधीही ती फार ऐकण्यासारखं बोलत नव्हती.

नऊ नंबर त्यात होता. कधी सांगितलं नाही ते आता सांगते. बाकीच्या बारा टांगून झाल्या होत्या आणि तुझी हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. तुझे आजोबा खिडकीतून बघत होते. मनात आलं, अठरा वर्षांचं पोर, कप्तानाने सांगितलं ते केलं, ह्याची कशाला टांगायची. मग वाटलं, घरची ही एक लपवली तर त्या बारा टांगायचा मला काय अधिकार? टांगली. मधोमध. तू मिस्सेहून आलास, जेवला नाहीस, अकरा दिवस माझ्याशी अवाक्षर बोलला नाहीस, आणि बाराव्या दिवशी पिशवी भरून ग्राट्सला चाचणी द्यायला निघून गेलास. मी माफी मागायला बसलेली नाही. तसाच रविवार आला तर पुन्हा टांगीन. पण टांगताना मला काही वाटलं नाही असं तू इतकी वर्षं धरून चालला असशील, तर ते मात्र चूक.

एर्लाखचा क्लब दोन वर्षांत बंद पडला. तिथे क्रेसेन्झ म्हणून एक बाई कपडे धुवायची. ऑक्टोबरच्या जत्रेत कोबीच्या ढिगापाशी समोर आली. वाटलं, आता भांडणार, मीही बाह्या सरसावून तयार. ती एवढंच म्हणाली, "त्या शनिवारी आमच्या पोरांचे कपडे धुताना मला तीनदा पाणी बदलावं लागलं, बुर्गी." आणि कोबी घेऊन गेली. मला उत्तर सुचलं नाही. मला! तुझे आजोबा म्हणाले, दिवसाची तारीख लिहून ठेव.

पुढचं तुझं साऱ्या देशाने पाहिलं, मी स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर पाहिलं. ग्राट्स, मग व्हिएन्ना, मग सहा वर्षं जर्मनी, देशासाठी अकरा सामने. लोक गोल मोजायचे, मी जर्सी बघायची. व्हिएन्नात असताना एकदा डिसेंबरात तुम्ही चार गोलांनी पुढे होता, दोन मिनिटं उरली होती, आणि तू कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत घसरत जाऊन चेंडू काढलास. बर्फाचा काला नुसता. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, ह्याची आता काही गरज नव्हती. मी पडद्याला म्हटलं, तुला नसेल. तुझा गुडघा जाणार हेही मला जर्मन डॉक्टरांच्या आधी कळलं. मार्चपासून तुझ्या उजव्या अंगाला माती लागेनाशी झाली होती, सगळं डावीकडेच. फोन केला तर म्हणालास, "आजी, आता तू एक्स-रेसुद्धा काढायला लागलीस का?" मे महिन्यात ऑपरेशनच्या टेबलावर घेतलाच ना त्यांनी. हसणं बंद झालं तुझं.

खेळ सुटल्यावर तुझ्या बरोबरीचे कोणी सूट घालून टीव्हीवर बसले, कोणी हॉटेलं काढली. तू लंगडत जाऊन दहा वर्षांच्या पोरांना शिकवायला लागलास. बेकरीवाली तेव्हा म्हणाली होती, "अरेरे, एवढा मोठा खेळाडू!" आज तीच रांगेतून पुढे काढते. मग दुय्यम प्रशिक्षक झालास, मग मॅनेजर. दोनदा हाकललं तुला. पहिल्यांदा मालकाच्या जावयाला संघात घेतलं नाहीस म्हणून, त्या दिवशी मी खसखशीचा केक केला आणि सगळ्या आळीत वाटला. दुसऱ्यांदा चूक तुझीच होती, तेव्हाही सांगितलं होतं. सगळी कोवळी पोरं एकदम उतरवलीस, ओळीने सात सामने हरलास आणि तरी ऐकेनास. हा हट्ट कोणाच्या घरचा ते मी बोलत नाही. पण दोन्ही वेळा कॅमेऱ्यासमोर तू एकाही खेळाडूवर बोट ठेवलं नाहीस. "संघ मी निवडला," एवढंच. ते मात्र मला आवडलं. लिहून देतेय म्हणजे बघ.

आणि मग दोनाउब्रुक. तळाला गेलेले, मैदानाचं छप्पर गळतंय, खेळाडू उरलेसुरले. पाच वर्षांत दोन पायऱ्या वर आणलंस. मागच्या वर्षी पेपरवाल्याने विचारलं, तुम्ही संघ कसा निवडता, आणि तू सांगून बसलास की सरावानंतर धुण्याच्या खोलीत जाऊन कपडे बघतो, हे मला आजीने शिकवलं. धंद्यातली गोष्ट बाहेर सांगतात का, गाढवा? आता तुझी पोरं सराव संपल्यावर मुद्दाम चिखलात लोळून येत असतील. चार दिवस लोक ते कात्रण घेऊन माझ्या दारात. माझ्याकडे आधीच होतं, कुठे ठेवलंय ते विचारू नकोस. पण पेपरात जे नव्हतं ते मला माझ्याकडे जेवायला बसलेल्या तुमच्या बसच्या ड्रायव्हरने सांगितलं, की परगावच्या सामन्यानंतर मळक्या कपड्यांची गाठोडी मॅनेजर स्वतः उचलून बसमध्ये टाकतो, दुखऱ्या गुडघ्यासकट. त्याला ते विचित्र वाटत होतं. मी त्याला दुसऱ्यांदा सूप वाढलं.

आता एंगेलबर्ट. तो आता आपल्या क्लबाचा अध्यक्ष आहे, टक्कल पडलंय, पोट सुटलंय. रविवारी मिस्सेनंतर अक्रोडाचा केक घेऊन आला. माझ्याकडे! म्हटलं, कोणी मेलंय का आज? म्हणाला, "मावशी, लेन्झी फक्त तुझं ऐकतो. फोनवर नको, फोनवरचं कोण ऐकतं सांगता येत नाही. दोन ओळी लिही. मोठ्यांना विश्रांती दे म्हणावं, नवीन पोरांना उतरव. कोणाला कळणारसुद्धा नाही." मी विचारलं, आपण वाचलो तर आपल्या जागी खाली कोण जाईल? तो म्हणाला, "असतील कोणीतरी तिकडचे, टिरोलच्या बाजूचे. त्यांना कोण ओळखतं?" मग रडला. खोटं नाही रडला, मला खोटं रडणं कळतं. पस्तीस वर्षं घातलीत त्याने ह्या क्लबात. मी एक्केचाळीस. आता मशीन आलंय, बटण दाबायला दुसरी बाई आहे, मी नुसत्या घड्या घालते. पण सोमवारी उठून कुठे जायचं ते ठरलेलं असतं, आणि माझ्या वयात तेवढंसुद्धा पुष्कळ असतं. मी त्याला म्हटलं, लिहिते. तेव्हापासून रोज येतो, "झालं का मावशी?" आत्ताही समोर बसलाय, स्वतःच आणलेल्या केकचा तिसरा तुकडा खातोय, आणि मी पान उलटलं की समाधानाने मान हलवतो. पोस्टावर त्याचा भरवसा नाही, स्वतः गाडी घेऊन तुझ्याकडे येणार आहे. त्याला आत घे, कॉफी दे, वाईट माणूस नाही तो.

पण त्याच्यासाठी मी तीन दिवस बोटं दुखवली नसती, त्याला दारातूनच नाही म्हटलं असतं. लिहायला बसले ती तुझ्यामुळे. मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "आजी, क्लब गेला तर तू काय करशील?" मी म्हटलं, झोपा काढीन. तू हसला नाहीस. गप्प झालास, आणि "मला जायचंय" सुद्धा म्हणाला नाहीस. तुझं गप्प बसणं मला टोपलीवरच्या दिवसांपासून ऐकू येतं. एंगेलबर्टने कितीही विनवलं तरी तू वाकायचा नाहीस, पण माझ्यासाठी, मी न मागता, तू शनिवारी हात आखडता घेशील, आणि मग आयुष्यभर त्याबद्दल कोणाशी बोलणार नाहीस. ते मला नको. माझ्या सोमवारांची काळजी तू करू नकोस, ते मी बघेन. हिंटरबाखलाही कोणीतरी घड्या घालतच असेल, बहुतेक वाकड्याच घालत असेल. तुझे सगळ्यात चांगले अकरा उतरव. मी गोलामागे माझ्या जागेवर असणार आहे, आणि आमच्या पोरांसाठी घसा फुटेपर्यंत ओरडणार आहे, तुझ्या पोरांना नावं ठेवणार आहे, तुलासुद्धा, तुला ऐकू जाईल अशा आवाजात. तू वळून बघायचं नाही. जिंकायला ये.

तुझीच,
बुर्गी आजी